बॅकअप क्वार्टरबॅक आहेस आणि कॉलेज बदलायचं डोक्यात घोळतंय? मग आधी हे बघ

डिसेंबर उजाडला की कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकेतलं, हेल्मेटवालं) एकच चर्चा, कोण कोण पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) चाललंय. त्यात सगळ्यात जास्त घालमेल बॅकअप क्वार्टरबॅकची (क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक प्लेला, म्हणजे चालीला, बॉल घेऊन थ्रो करणारा किंवा दुसऱ्याच्या हातात देणारा), कारण बाकी पोझिशनला पोरं आलटून पालटून खेळतात, रिसीव्हर (थ्रो झेलणारे) चार-पाच लागतात, डिफेन्सिव्ह लाइनवाले दमले की बदलतात, पण क्वार्टरबॅक एकच, तो जखमी झाला किंवा त्याने अगदीच माती खाल्ली तरच दुसऱ्याचा नंबर. तोवर दोन नंबरवाल्याने काय करायचं, तर शनिवारी साइडलाइनवर उभं राहून हातवारे करत प्ले सिग्नल करायचे, आणि कित्येक ठिकाणी आठवडाभर स्काउट टीमबरोबर समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक बनून स्वतःच्याच डिफेन्सला प्रॅक्टिस द्यायची. म्हणजे आपल्या टीमचे प्ले शिकायचे सोडून दुसऱ्यांचे खेळायचे. वैताग येणारच.

पण वैतागून निर्णय घेऊ नकोस. हे लिहितोय ते असा पोरगा ज्यांच्या घरात किंवा ओळखीत आहे त्यांच्यासाठी, आणि नुसत्या मॅच बघणाऱ्यांनाही कळेल की एखादा चांगला पोरगा अचानक गायब का होतो.

सगळ्यात आधी कागद घे आणि स्वतःचं घड्याळ मांड. नियम असा की पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात, आणि एखाद्या सीझनला चार किंवा कमी मॅचमध्ये उतरलास तर तो सीझन रेडशर्ट धरता येतो, म्हणजे मोजला जात नाही (२०१८ पासून असं आहे, आणि २०२४ पासून सीझननंतरच्या बोल मॅच, कॉन्फरन्स (कॉलेजांच्या गटाची) फायनल, प्लेऑफ त्या चारात धरत नाहीत). आता समजा तू २०२४ ला आलास, पहिलं वर्ष रेडशर्ट, २०२५ ला दोन नंबर होतास आणि टीम ४५-१० ने पुढे असताना सहा मॅचमध्ये शेवटची पाच-पाच मिनिटं उतरलास. झालं, ते अख्खं वर्ष खर्ची पडलं. एक स्नॅप (एक प्ले) खेळलास तरी मॅच ती मॅचच. म्हणून सीझनमध्ये चार मॅच झाल्या की पाचवीत उतरायच्या आधी कोचशी सरळ बोलायचं, त्या वेळी लाजायचं नाही. वरच्या उदाहरणात तुझ्या हातात २०२६, २७ आणि २८ एवढंच उरतं, आणि पुढचा सगळा हिशोब या तीनावर.

त्याच कागदावर पुढच्याचं घड्याळ पण मांड. एक नंबरवाला सीनियर (शेवटच्या वर्षाचा) असेल तर तो जातोच आहे, तू कशाला जातोस? तो सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) असेल आणि चांगला खेळत असेल तर मात्र तुझे दोन सीझन तिथेच गेले समज. पण हल्ली एवढ्यावर भागत नाही, कारण सीनियर गेला की जागा आपोआप तुझी होईल असं राहिलेलंच नाही, कोच सरळ पोर्टलमधून तयार क्वार्टरबॅक उचलून आणतात. तेव्हा कोचला जाऊन विचारायचा प्रश्न "माझं भविष्य काय" हा नाहीच, त्याला सगळे कोच गोड उत्तर देतात. प्रश्न हा, "येत्या जानेवारीत तुम्ही पोर्टलमधून क्वार्टरबॅक आणणार आहात का?" याचं उत्तर हो, नाही, किंवा "कॉम्पिटिशन ओपन आहे" असं येतं, आणि तिसऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा हो असाच असतो.

कोच काय बोलतो त्यापेक्षा काय करतो ते बघ. स्टार्टरचं (एक नंबरवाल्याचं) हेल्मेट खेळताना निघालं की नियमाने त्याला एक प्ले बाहेर बसावं लागतं, त्या एका प्लेला कोणाला पाठवलं? थर्ड अँड एट (तिसरा प्रयत्न, आठ यार्ड बाकी) असताना तुला थ्रो करू दिला की बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) हातात ठेवायला लावला? ४० पॉइंटने पुढे असताना कोणी थ्रो करत नाही, ती सभ्यता झाली, त्यावरून काही धरून चालू नकोस, पण मॅच अजून अडकलेली असताना तू आत आलास आणि सलग तीन रन कॉल झाले तर तुझ्या हातावर भरवसा नाहीये, सरळ आहे.

आता २०१८ च्या दोन गोष्टी, कारण त्या एका वर्षात या प्रश्नाची दोन्ही टोकं दिसली. क्लेमसनला केली ब्रायंट स्टार्टर होता, चार मॅच झाल्यावर कोचने फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) ट्रेव्हर लॉरेन्सला एक नंबर केलं, आणि ब्रायंटने चार मॅचचा रेडशर्ट वाचवून टीम सोडली. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. पण पुढच्याच मॅचमध्ये सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्सला लागलं, तो बाहेर गेला, आणि ज्याचं नाव तोवर फारसं कोणी घेत नव्हतं त्या चेस ब्राइसने शेवटची ड्राइव्ह (सलग प्लेंची चढाई) मारून २७-२३ ने मॅच काढली. ती टीम १५-० ने नॅशनल चॅम्पियन झाली. ब्रायंट मिझुरीला जाऊन २०१९ ला स्टार्टर झाला, म्हणजे त्याला हवं ते मिळालं, पण त्या वर्षीची चॅम्पियनशिपची अंगठी नाही.

आणि तिकडे अलाबामात जेलन हर्ट्स. जानेवारी २०१८ ला नॅशनल फायनलच्या हाफटाइमला त्याला बसवून टुआ टॅगोवाइलोआला उतरवलं, टीम जिंकली, आणि हर्ट्स दोन नंबर झाला. सगळ्यांना वाटलं हा जाणार. तो थांबला, पाचव्या मॅचमध्येही उतरला म्हणजे रेडशर्टवर पाणी सोडलं, आणि डिसेंबरात एसईसी (अलाबामाची कॉन्फरन्स) फायनलला, अटलांटाच्या त्याच स्टेडियममध्ये, टुआ जखमी झाल्यावर आत येऊन २८-२१ ने मागे असलेली टीम ३५-२८ ने जिंकवून दिली. मग त्याच महिन्यात डिग्री घेतली आणि ओक्लाहोमाला गेला. पुढच्या वर्षी हाइसमनच्या (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या बक्षिसाच्या) मतदानात दुसरा. पहिला कोण आला तर जो बर्रो, जो स्वतः ओहायो स्टेटला बॅकअप होता आणि २०१८ च्या स्प्रिंग प्रॅक्टिसनंतर डिग्री घेऊन एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेला होता. लोक हर्ट्सची गोष्ट सांगताना संयम संयम करतात, मला त्यात हिशोब जास्त दिसतो. दोघांनीही डिग्री खिशात टाकूनच दार उघडलं.

म्हणून माझं स्पष्ट मत, डिग्रीला एक-दोन सेमिस्टर उरली असतील तर आधी ती संपव. या बाबतीत आपल्या आईबाबांची कटकट शंभर टक्के बरोबर असते. कारण एनसीएएचा (कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेचा) नियम आहे, दुसरं वर्ष संपेपर्यंत डिग्रीचा ४० टक्के भाग, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८० पूर्ण हवा, आणि कॉलेज बदललं की तुझे सगळे क्रेडिट तिकडे धरतीलच असं नाही. एप्रिल २०२४ पासून कितीही वेळा बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, पण अट काय, तर अभ्यासात तू पात्र पाहिजेस. एखाद्या इंजिनिअरिंगवाल्याचे दहा-बारा क्रेडिट उडाले की तो त्या टक्क्यांच्या खाली जातो, आणि मग थ्रो कितीही भारी असला तरी शनिवारी साध्या कपड्यात बसतो. नवीन कॉलेजकडून कुठले क्रेडिट धरणार ते लेखी घे. फोनवर नाही, लेखी.

वेळेचं आता नीट ऐक कारण हे नवीन आहे. आधी डिसेंबरात एक आणि एप्रिलमध्ये एक अशा दोन खिडक्या असायच्या, त्यामुळे स्प्रिंगच्या १५ प्रॅक्टिस बघून, आपण कुठल्या नंबरला आहोत ते कळल्यावर मग नाव टाकता यायचं. ती एप्रिलची खिडकी बंद केली. २०२६ साठी २ ते १६ जानेवारी, एवढीच. म्हणजे स्प्रिंगला कोण कसं खेळतंय हे दिसायच्या आत ठरवायचं, आणि हे बॅकअपसाठी सगळ्यात वाईट आहे कारण त्याच्याकडे माहिती सगळ्यात कमी असते. एक पळवाट आहे, हेड कोच बदलला तर नवीन कोच जाहीर झाल्यावर पाच दिवसांनी १५ दिवसांची वेगळी खिडकी उघडते. तेव्हा माहिती नोव्हेंबरपासूनच गोळा करायला लाग.

पैशाचं. २०२५ च्या जूनमध्ये हाउस सेटलमेंट (खेळाडूंच्या पैशावरच्या खटल्यातली तडजोड) मंजूर झाली, १ जुलैपासून कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांसाठी मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. बाहेरच्या कंपनीशी ६०० डॉलरचं किंवा त्याच्या वरचं डील असेल तर ते कळवावं लागतं. बॅकअपला यातलं फार काही येत नाही, पण दुसरीकडे स्टार्टर म्हणून जाणार असशील तर आकडा मोठा होतो आणि डोकं फिरतं. २०२४ ला यूएनएलव्हीचा (नेवाडा युनिव्हर्सिटी, लास व्हेगास) क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका, टीम ३-०, आणि पोरगा सीझनच्या मध्यात रेडशर्ट घेऊन बाहेर. त्याच्या एजंटचं म्हणणं एक लाख डॉलरचं तोंडी आश्वासन होतं ते दिलं नाही, युनिव्हर्सिटीचं म्हणणं वेगळं. खरंखोटं ते जाणोत, कागदावर नसेल तर भांडायला काही उरत नाही एवढं खरं. आणि बघ, त्याच्या जागी उतरलेला हज-मलिक विल्यम्स, त्याने पहिल्याच मॅचमध्ये फ्रेस्नो स्टेटला ५९-१४ ने धुतलं. बॅकअपचं नशीब असं चार दिवसांत फिरतं.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असशील तर हे पैशाचं प्रकरण आणखी नाजूक, त्या व्हिसावर काम करून कमवायला कडक मर्यादा आहेत, आणि कॉलेज बदललं की सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं) रेकॉर्ड आणि आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) पण बदलावं लागतं. आधी इंटरनॅशनल ऑफिस, मग एजंट.

आता जिथे जायचंय तिथलं बघ, आणि बहुतेक पोरं इथेच आपटतात. आपल्याकडची रांग सगळ्यांना पाठ असते, तिकडची कोणी बघत नाही. जस्टिन फील्ड्स ओहायो स्टेटला येतोय म्हटल्यावर टेट मार्टेल २०१९ ला मायामीला गेला, लगेच खेळायची परवानगी पण मिळाली, आणि तिथे जॅरेन विल्यम्सने जागा घेतली. मार्टेलला शेवटी रिसीव्हर म्हणून फिरवलं. तर बघायचं काय: क्वार्टरबॅक किती आहेत, त्यातले किती परत येणार, ऑफेन्सिव्ह लाइनमधले (तुला वाचवणारे) पाचपैकी किती जुने राहतायत (कारण लाइन भुसभुशीत असेल तर तू स्टार्टर होशील आणि आडवाच पडलेला दिसशील), आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (प्ले ठरवणारा कोच) कोण आणि तो किती दिवस टिकणार. जॉन माटीर वॉशिंग्टन स्टेटला कॅम वॉर्डच्या मागे बसला, २०२४ ला स्वतः स्टार्टर झाला, आणि कोऑर्डिनेटर बेन आर्बकल ओक्लाहोमाला गेल्यावर हाही तिकडेच गेला. प्ले तेच, सिग्नल तेच, भाषा तीच, नव्या ठिकाणी अर्धं काम आधीच झालेलं.

आणि खालच्या लेव्हलला जायला लाजू नको. तोच कॅम वॉर्ड एफसीएसमधल्या (खालच्या लेव्हलच्या) इन्कार्नेट वर्ड कॉलेजपासून सुरू झाला आणि २०२५ च्या ड्राफ्टला (एनएफएलच्या प्रो टीम खेळाडू निवडतात त्यात) पहिला गेला. मोठ्या कॉलेजच्या जर्सीत उभा असलेला फोटो इन्स्टावर चांगला दिसतो, पण पुढच्या कोचला फिल्म लागते, आणि फिल्म खेळलेल्याचीच असते.

एवढं करून जायचं ठरलं तर पद्धत अशी. पहिल्यांदा पोझिशन कोचला समोर जाऊन सांग, त्याला सोशल मीडियावरून कळू देऊ नकोस, हे सगळे कोच एकमेकांना ओळखतात. त्याआधी आपल्या स्नॅप्सची फिल्म मागून जवळ ठेव, कारण नाव पडल्यावर बऱ्याच ठिकाणी सगळं लॉगिन बंद होतं. मग कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियम सांभाळणाऱ्या) ईमेल, कामकाजाच्या दोन दिवसांत त्यांना नाव पोर्टलमध्ये टाकावंच लागतं. त्यानंतरच दुसरे कोच तुझ्याशी बोलू शकतात, आधी बोलले तर टॅम्परिंग, म्हणजे नियमभंग, म्हणून आधीची बोलणी हायस्कूलच्या कोचमार्फत वगैरे होतात, सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. नाव टाकलं की जुनं कॉलेज सेमिस्टर संपल्यावर स्कॉलरशिप काढू शकतं हे लक्षात ठेव. नाव मागे घेता येतं, पण परत घ्यायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर. यशस्वी जयस्वालने २०२५ ला मुंबई सोडून गोव्याला जायला एनओसी मागितली, महिन्याभरात मन बदललं आणि मुंबईने त्याला परत घेतलं, पण तो जयस्वाल होता. दोन नंबरच्या क्वार्टरबॅकसाठी कोण थांबतंय.

नव्या कॉलेजच्या व्हिजिटला जाशील तेव्हा स्टेक खाऊ घालतील, जर्सी घालून फोटो काढतील, काढून घे. पण तासभर काढून तिथल्या सध्याच्या बॅकअपला गाठ, कोच आसपास नसताना, आणि विचार की गेल्या सीझनला मंगळवारच्या प्रॅक्टिसमध्ये तुला किती रेप्स (प्रॅक्टिसमध्ये खेळायला मिळालेले प्ले) मिळायचे, आणि तू इथेच थांबतोयस ना?