लेझरच्या पहिल्या सिटिंगआधी

नको असलेले केस काढायला लेझर करायचं ठरलं की बहुतेक जणी आधी पॅकेजचा भाव विचारतात. त्याआधी कॅलेंडर उघडा. नाशिकमध्ये सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात सोयीचे. थंडी पडलेली असते, पूर्ण बाह्या अंगावर असतात, कातडी फारशी रापलेली नसते. हातापायांसाठी दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जातात, चेहऱ्यासाठी चार ते सहा. सिटिंग साधारण सहा ते आठ लागतात. म्हणजे नोव्हेंबरात सुरू केलेलं हातापायांचं काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी चालणार, कधी वर्षभरही. मे महिन्यातल्या लग्नासाठी मार्चमध्ये चौकशी करणाऱ्या नवरीला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मधल्या तारखाही आधीच लिहून ठेवा. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा मारायचा असेल, चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जायचं असेल किंवा द्राक्षांच्या हंगामात दिवसभर बागेत उभं राहायचं असेल, तर त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे सिटिंग घेऊ नका.

उन्हाचा एवढा बाऊ का, तर लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, शोधतो, तिथे उष्णता होते आणि ती मुळाला जाळते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं. पण तेच मेलॅनिन कातडीतही असतं. रापलेल्या कातडीने उष्णता आधीच ओढून घेतली की मुळाला कमी पोचते आणि वर फोड किंवा महिनोन्‌महिने न जाणारा काळा डाग उरतो. म्हणून स्कूटीवर स्कार्फ आणि सनकोट असला तरी सनस्क्रीन लावा, एसपीएफ ३० किंवा त्यावरचं.

मग डॉक्टर. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पाट्यांवर जाऊ नका. आत त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, त्यांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, मशीन प्रत्यक्ष कोण चालवणार, हे विचारा. विचारायला संकोच वाटतो, मान्य आहे, तरी विचारा. मशीन कोणतं तेही विचारा. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर सगळ्यात निर्धोक, कारण ते खोल जातं आणि कातडीतलं मेलॅनिन त्याला कमी पकडतं. ८१० च्या आसपासचं डायोड बऱ्याच ठिकाणी असतं. गार करण्याची सोय नीट असेल आणि ताकद जपून लावली असेल तर तेही चांगलं काम करतं. ७५५ चं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला मानवतं, सावळीला जपून. आयपीएल, म्हणजे दिव्याच्या प्रखर प्रकाशाचे झोत, हे लेझर नव्हेच, लेझर म्हणून ते विकत असतील तर तिथून निघा. आधी छोट्या जागेवर टेस्ट पॅच करून घ्या आणि काही दिवस वाट पाहा. तो नको म्हणणाऱ्या क्लिनिकला पैसे देऊ नका, माझं मत अगदी पक्कं आहे.

अपेक्षाही आधीच जुळवून घ्या. अमेरिकेतलं एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय मशीनवर देखरेख करणारं सरकारी खातं, कंपन्यांना ‘कायमची घट’ म्हणू देतं, केस कायमचे नाहीसे होतील असं नाही. पिकलेल्या केसांवर लेझर चालत नाही, त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेच्या सुईने एकेक मूळ जाळणं. हनुवटीवर राठ केस आणि पाळी पुढेमागे होत असेल तर आधी पीसीओडी (बीजांडकोशाचा त्रास), थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासा. हार्मोन बिघडलेले असताना लेझर केलं तर मुळं पुन्हा पुन्हा जागी होतात आणि अधूनमधून सिटिंग घ्यावीच लागते. गालावर, गळ्यावर नुसती बारीक लव असेल तर मात्र हात लावण्याआधी दोनदा विचार करा. तिथे लेझरने उलट केस वाढल्याची उदाहरणं आहेत आणि आपल्यासारख्या कातडीत तो धोका जास्त. पार्लरमधला एखादाच हे तुम्हाला सांगेल.

औषधांची चिठ्ठी सोबत न्या. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल, रात्री रेटिनॉल लावत असाल, ओठावर ताप फुटत असेल, कातडीवर वण पटकन जाड होत असतील, हे सगळं बोला. गरोदरपणात थांबा, घाई कशाचीच नाही.

चार आठवडे आधी वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरला जाळायला उरत काय? ब्लीचही नको, त्याने केसातला रंग जातो. रेझर मात्र चालतो. आदल्या दिवशी साध्या रेझरने दाढी केल्यासारखे केस उतरवा. रेझरने केस राठ होतात ही समजूत सोडून द्या. त्या दिवशी क्रीम, डिओ, मेकअप काही लावू नका. घरून बधिर करणारं क्रीम फासून, वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नका. मोठ्या भागावर असं लावल्याने जीव गेल्याच्या घटनांनंतर एफडीएने २००७ मध्ये इशारा दिला होता. गोंदण किंवा तीळ असेल तर तो झाकायला सांगा. डोळ्यांवर गॉगल घातल्याशिवाय सुरू करू देऊ नका, आणि भुवईखालच्या, डोळ्याच्या खाचेतल्या केसांवर लेझर नकोच.

रबर बँडच्या फटक्यासारखं दुखतं, ते सहन होतं. आग असह्य झाली तर तिथेच थांबवा, ताकद कमी करायला लावा. नंतर काही तास लाली आणि बारीक पुरळ दिसतं, कापडातून बर्फाचा शेक पुरतो. एक-दोन दिवस गरम पाण्याची अंघोळ, जिम, पोहणं नको. पुढचे दोन-तीन आठवडे केस वाढल्यासारखे दिसून गळतात, ते ओढू नका. फोड आला तर टूथपेस्ट, हळद, तूप काही न लावता फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मशीनचं नाव आणि किती जूल (म्हणजे ताकद) लावले ते विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वेळी दुसरी मुलगी मशीन चालवत असेल तर तिला दाखवायला.