दुर्बीण आली, पण विक्रेत्याने मन खट्टू केलं? या चुका टाळा

डिसेंबर २०२४ मध्ये इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या घरी १३० मिमी आरशाची दुर्बीण आली. कितीतरी वर्षांची हौस होती. खोक्यात २५ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) निघाला, १० मिमीचा नव्हता. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "साहेब, आमच्याकडून माल पूर्ण भरूनच निघतो." म्हणजे खोटं मीच बोलतोय! ते शब्द मला फार लागले, आणि त्या रागात मी ज्या चुका केल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याच संध्याकाळी दुर्बिणीची परीक्षा घेणं. गच्चीवर नेली, रोहिणीच्या ताऱ्यावर लावली, तर ताऱ्याला एका बाजूला शेपूट! आरसाच सदोष दिलाय, असं मी ठरवून टाकलं. शेजारचे काका वर आले, त्यांनी नळीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "अरे, आधी तिला गार तर होऊ दे."

खोलीतल्या उबेतून थंडीत आणलेली दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावी लागते. तोवर नळीतली गरम हवा हलत राहते आणि चित्र थरथरतं. शेपटाचं कारण मात्र वेगळं होतं. प्रवासातल्या हादऱ्यांनी आरशाचा कोन सरकतो. तेजस्वी तारा मधोमध आणून फोकस थोडा बिघडवा. एक गोल चकती दिसेल आणि तिच्यात नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या आरशाची काळी सावली. सावली बरोबर मध्यावर नसेल तर मोठ्या आरशामागच्या तीन स्क्रूंपैकी एक अगदी थोडा फिरवायचा, तारा पुन्हा मधोमध आणायचा आणि परत पाहायचं. लॉकचे स्क्रू वेगळे असतात, ते आधी सैल करा. आम्हाला वीस मिनिटं लागली. शेपूट गेलं.

आरशावर धूळ दिसली म्हणून रुमालाने पुसायला जाऊ नका. ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, ओरखडा कायमचा राहतो. थोड्या धुळीने दिसण्यात फरक पडत नाही.

दुसरी चूक म्हणजे नसलेल्या वस्तूपायी असलेली बंद ठेवणं. मी अकरा दिवस दुर्बिणीवर चादर टाकून ठेवली. ६५० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला की २६ पट मोठं दिसतं. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने साधारण वीस पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले होते. त्या डिसेंबरात गुरू वृषभेत, रोहिणीच्या जवळच होता. चादर काढली त्या रात्री चारही चंद्र एका रेषेत दिसले, आणि मृगातला तेजोमेघही, धुरकट पंखासारखा. हे सगळं अकरा दिवस माझ्या गच्चीवर होतंच.

भांडण फक्त फोनवर करू नका. बोललेलं मागे राहत नाही. खोकं उघडतानाचे फोटो, बिल, कोणत्या तारखेला काय उत्तर मिळालं, हे सगळं जोडून लेखी तक्रार करा. ऑनलाइन खरेदी असेल तर ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: दुकान दुसऱ्या गावचं असलं तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एकदा अर्ज गेला की रोज रात्री तोच विषय उगाळायची गरज उरत नाही. मी तो प्रत्येक पाहुण्याला सांगत होतो, शेवटी घरातली माणसं कंटाळली.

रागाच्या भरात दुसरीकडून महागडी जोडणी मागवू नका, आणि दुर्बीण विकायलाही काढू नका. दोन्ही निर्णय महिनाभर थांबू शकतात.

१० मिमीचा आयपीस जानेवारीच्या शेवटी आला. त्या दिवशी आम्ही काकांसोबत जानापावच्या डोंगरावर जायला निघालो होतो. पाकीट न उघडताच गाडीत टाकलं. वर अंधार इतका दाट होता की आधी तासभर नुसत्या डोळ्यांनी कृत्तिका मोजत बसलो.