नवा सुपरहिरो अंक सुचवताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मालवणच्या एका मित्राला मी स्पायडरमॅन कॉमिकचा ताजा अंक दिला. दोन दिवसांनी फोन आला, "मेल्या, ह्यां मधलांच कायतरी दिलंस माका! कोण कोणाक कित्याक मारता, काय्येक कळूक नाय." चूक त्याची नव्हती. सावंतवाडीत बसून मी आठ-दहा जणांना दर महिन्याला नवे अंक सुचवतो. आजवर फसलेल्या शिफारशी आठवल्या, तर अंक टाकाऊ होता म्हणून फसलेल्या थोड्याच. बाकीच्या वेळी जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलंच नव्हतं.

'पहिला अंक' म्हणजे सुरुवात, असं धरून चालणं

प्रायश्चित्त म्हणून मी त्याला म्हटलं, आता पहिल्या अंकापासून घे. त्याने विचारलं, "खयचो पयलो?" प्रश्न रास्त होता. 'द अमेझिंग स्पायडरमॅन'चा पहिला अंक १९६३ साली आला. मग १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ सालीही 'पहिला अंक' आला! १ हा आकडा दिसला की नवा वाचक उचलतो, म्हणून प्रकाशक मोजणी पुन्हा सुरू करतो. कथा मात्र मागूनच चालत आलेली असते. त्यात भर म्हणजे जुन्या मोजणीचा आकडाही जपून ठेवतात. २०२२ च्या मालिकेतला सहावा अंक जुन्या हिशोबाने नऊशेवा होता.

तेव्हा नुसतं 'स्पायडरमॅन, अंक ६' लिहिणं म्हणजे वाडीचं नाव न घालता पत्ता देणं. मालिकेचं पूर्ण नाव, ती सुरू झाल्याचं साल, अंकाचा क्रमांक आणि लेखक, या चार गोष्टी लिहाच. पाचवी गोष्ट मी अलीकडे जोडतो: हा अंक कथानकाचा कितवा भाग आहे. हल्ली एक कथानक साधारण पाच-सहा अंक चालतं. चौथा भाग कितीही जबरदस्त असला तरी नवख्याला तो देऊ नये, आणि द्यायचाच तर मागचं सगळं तीन वाक्यांत सांगून द्यावा.

खरोखर कोऱ्या पाटीवरून सुरू होणाऱ्या मालिकाही असतात. जानेवारी २०२४ मध्ये आलेली जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांची 'अल्टिमेट स्पायडरमॅन' तशी आहे. तिच्यातल्या पीटर पार्करचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, लग्न झालंय, त्याला दोन मुलं आहेत आणि सुरुवातीला अंगात शक्ती अजून यायची आहे. ऑक्टोबर २०२४ मधली स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांची 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'ही तशीच. इथे ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, ना हवेली, ना पैसा, आणि त्याची आई जिवंत आहे. मालवणकराला शेवटी हाच बॅटमॅन दिला. छातीवरचं वटवाघूळ काढून तो त्याची कुऱ्हाड करतो हे बघून स्वारी खूश.

गोष्ट सांगितली की परीक्षण झालं असं वाटणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी ती बरीच वर्षं केली. अमुक आला, तमुकाला मारलं, शेवटी अमक्याने दगा दिला, झालं परीक्षण.

आमच्याकडे धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या नाटकाला, जाणाऱ्या कुणाला आख्यान ठाऊक नसतं? राक्षस मरणार हे मांडीवरच्या पोरालाही माहीत असतं. तरी माणसं दशावतार बघत पहाटेपर्यंत बसतात. आज राजपार्ट (राजाची भूमिका) कोणाचा, लिहिलेली संहिता नसताना संवाद कसे रंगले, युद्धाला पखवाज कसा वाजला, हे बघायला ती आलेली असतात. सकाळी चहाच्या टपरीवर बोलणं होतं तेही याचंच. सुपरहिरोचंही तसंच आहे. बॅटमॅन जिंकणार हे कळलेलंच असतं, तो पानावर कसा जिंकला ते सांगा.

नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आलेला 'सुपरमॅन'चा ७५ वा अंक घ्या. 'यात सुपरमॅन मरतो' एवढंच सांगणाऱ्याने काहीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तो परत आलाच. बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. ही झुंज चार वेगवेगळ्या मालिकांच्या अंकांतून लागोपाठ चालते. एका अंकात पानाला चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन, आणि या ७५ व्या अंकात पानाला एकच चित्र. चौकटी कमी होत जातात, घाव मोठे होत जातात, पानं भराभर उलटत जातात. पखवाजाची लय चढावी तसं. परीक्षणात हे आलं, तर शेवट ठाऊक असलेला माणूससुद्धा अंक मागून घेतो.

म्हणून अंक दोनदा वाचावा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा संवादाच्या फुग्यांतला मजकूर न वाचता, फक्त चित्रं बघत. दुसऱ्या वाचनात कळतं की मारामारीत कोण कुठे उभा आहे हे चित्रकाराने नीट दाखवलंय की नुसता धुरळा उडवलाय. रंग भरणाऱ्याचं आणि अक्षरं घालणाऱ्याचं नावही तेव्हा वाचा. ते श्रेयनामावलीत छापलेलं असतं, फक्त वाचत कुणी नाही.

शेवट फोडणं

१९७३ साली 'द अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली. तिच्या मृत्यूचा उल्लेख असलेलं त्या कथेचं शीर्षक सुरुवातीला न छापता मुद्दाम शेवटच्या पानावर छापलं होतं. छापणाऱ्यांनी एवढं पथ्य पाळलं आणि आपण पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं? जुन्या कथेचं चालतं, आता मीही सांगितलंच. नव्या अंकाची मात्र पहिली पाच-सहा पानं सोडून पुढचं काही सांगायचं नाही, हा माझा नियम.

वाचकाला न विचारता सुचवणं

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत होती, आणि ती वाचून मोठे झालेले काका-मामा इथे घरोघरी आहेत. त्यांतल्या फँटम या मुखवटा घालणाऱ्या नायकाचं मराठीतलं नाव वेताळ. वेंगुर्ल्याकडच्या माणसाला ते आणखीनच जवळचं, कारण आरवलीचा वेतोबा रात्री गस्त घालून चपला झिजवतो अशी श्रद्धा आहे आणि लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. (मुखवट्याशिवायचा सुपरहिरो म्हणा हवं तर.) या काकांना बहुतेक एका अंकात संपणाऱ्या गोष्टींची सवय. 'क्रमशः' दिसलं की ते चिडतात. त्यांना सुटे अंक सुचवूच नका, एकत्र बांधलेला खंड सुचवा. हिंदीतल्या नागराज आणि सुपर कमांडो ध्रुववर वाढलेली माझ्या वयाची मंडळी मात्र पुढच्या अंकाची वाट बघायला तयार असतात.

वयाचंही विचारा. एका ताईला मी तिच्या नऊ वर्षांच्या मुलासाठी 'कुठलाही बॅटमॅन चालेल' असं बेफिकीरपणे सांगितलं होतं. तिने नेमकं बॅटमॅनच्या प्रकाशकाच्या, डीसीच्या, 'ब्लॅक लेबल' या विभागातलं पुस्तक मागवलं, जे मोठ्यांसाठी असतं. पुढे महिनाभर मला त्या घरी चहा मिळाला नाही.

'घेऊन ठेव, पुढे किंमत येईल'

हे कधीच म्हणू नये. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांच्या आसपास प्रती दुकानदारांनी उचलल्या. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर किंमत कसली येणार? त्यात आपली हवा. खाऱ्या दमटपणाने पिना गंजतात, गंज कागदात उतरतो. जूनमध्ये अंक प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर ओलही आतच बंद होते आणि गणपतीपर्यंत बुरशी धरते. पिशवीत घालायचे तर पावसाळ्याआधी, कोरड्या दिवशी घाला, सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

'आवडला नाही' ऐकून गप्प बसणं

असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका आणि माफीही मागू नका. कितव्या पानावर कंटाळा आला ते विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आला असेल तर मागचा संदर्भ द्यायचा राहिलाय. मधेच आला असेल तर बहुधा मारामारी लांबलीय, आणि तिथे वाचकाचं बरोबर असू शकतं. देवगडच्या एका मुलाने सांगितलं, "आठव्या पानानंतर सगळं तुटक वाटलं." मी माझी प्रत काढून बघितली. आठवं-नववं पान मिळून एकच मोठं चित्र होतं, आणि तो मोबाईल उभा धरून एकेक चौकट सरकवत वाचत होता. फोन आडवा करायला सांगितलं. आता मी शिफारशीखाली एक ओळ जास्तीची लिहितो: मोबाईलवर चालेल की नाही.