यूझर कोणत्या कॉम्प्युटरवर लॉगिन आहे हे शोधणारी स्क्रिप्ट: माझा अनुभव

आमच्या विंडोज डोमेनमध्ये (एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कमध्ये) मदतीसाठी फोन आला की यूझर नेमका कोणत्या मशीनवर बसला आहे, हे कळत नसे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील (डोमेनमधील यूझर आणि मशीनच्या नोंदवहीतील) लास्टलॉगॉन ही शेवटच्या लॉगिनची नोंद फक्त वेळ सांगते, मशीनचे नाव नाही. पॉवरशेलने (विंडोजच्या कमांड व स्क्रिप्ट चालवण्याच्या साधनाने) प्रत्येक मशीनला विचारावे, तर बंद मशीनपाशी स्क्रिप्ट खोळंबते, आणि विन३२_कॉम्प्युटरसिस्टम या विंडोजच्या मशीनविषयक माहितीतील यूझरनेम रिमोट डेस्कटॉपवरून आलेल्यांसाठी रिकामे येते. हा प्रकार खरोखर जिकिरीचा होता.

अखेर उलट दिशेने गेल्यावर, म्हणजे लॉगिन होताच मशीननेच नोंद करावी असे केल्यावर, काम झाले. प्रथम फाइल सर्व्हरवर नावाच्या शेवटी डॉलर असलेला, म्हणजेच लपलेला, शेअर (नेटवर्कवरून वापरता येणारा फोल्डर) तयार केला. सर्व यूझरना त्यात फाइल निर्माण करण्याची आणि क्रिएटर ओनरला (फाइल बनवणाऱ्याला) स्वतःची फाइल बदलण्याची व पुसण्याची परवानगी दिली. मग यूझरनेम आणि कॉम्प्युटरनेम ही दोन व्हेरिएबल जोडून त्याच नावाची फाइल तिथे लिहिणारी लॉगॉन स्क्रिप्ट आणि तीच फाइल पुसणारी लॉगऑफ स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीतील (सर्व मशीनवर एकदम सेटिंग लावण्याच्या सोयीतील) यूझर कॉन्फिगरेशनखाली लावली.

इथे एक महत्त्वाची गोष्ट सहज निसटते: विंडोज ८.१ पासून लॉगॉन स्क्रिप्ट मुळातच ५ मिनिटे उशिरा चालतात, म्हणून कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमधील ‘कॉन्फिगर लॉगॉन स्क्रिप्ट डिले’ एनेबल करून त्यात ० मिनिटे टाकावीत.

आता शेअरमध्ये यूझरच्या नावाने शोधले की मशीनचे नाव मिळते. वीज गेल्यास लॉगऑफ स्क्रिप्ट चालत नाही आणि जुनी फाइल उरते, त्यामुळे शेवटी त्या एकाच मशीनवर क्वेरी यूझर ही लॉगिन असलेले यूझर दाखवणारी कमांड चालवून खात्री करावी.