कामगाराच्या शोधाची मालकी कागदावर कशी आणावी

‘पगार आपण देतो, म्हणजे शोध आपलाच.’ छोट्या कारखानदारांच्या बैठकीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली ते कानावर पडलं की चहा तसाच ठेवून उठावंसं वाटतं. 1970च्या पेटंट कायद्यात असं कुठेही म्हटलेलं नाही. अर्ज करायचा हक्क खऱ्या शोधकर्त्याचा, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिले त्याचा. कॉपीराइटचं वेगळं आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेलं ड्रॉइंग, मॅन्युअल, प्रोग्रॅम, वेगळा करार नसेल तर मालकाचं होतं. हे दोन कायदे एकत्र कालवूनच निम्मे सल्ले दिले जातात.

सुरुवातीला ठरवा, पेटंट घ्यायचं की गुपित ठेवायचं. माझी कसोटी साधी आहे. तुमचा माल विकत आणून कुणी खोलून पाहिला तर युक्ती कळेल का? कळत असेल तर पेटंट. भट्टीचं तापमान, मिश्रणाचं प्रमाण असलं काही असेल, जे तयार मालात दिसतच नाही, तर गप्प बसा. पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि 20 वर्षांनी पेटंट संपतं. एकदा छापून आलेलं परत झाकता येत नाही. आणि पेटंट घ्यायचं असेल तर अर्जाआधी प्रदर्शनात मांडू नका.

मग शोध कुणी लावला ते तारखेसह लिहून ठेवा. मालकाचं किंवा मालकाच्या मुलाचं नाव शोधकर्ता म्हणून घुसवू नका. खोट्या शोधकर्त्यावर पेटंट रद्द होऊ शकतं.

आता सहीकडे येऊ. मी इथेच आपटलो होतो.

आमच्या टूलरूममधल्या एका मुलाने क्लॅम्प बनवला आणि सेटिंगचा वेळ निम्म्यावर आला. मी हौसेने कंपनीच्या नावाने अर्ज टाकला. नियुक्तिपत्रात ओळ होती, ‘कर्मचारी आपल्या शोधांचे हक्क कंपनीला देईल.’ मला वाटलं, झालं काम. पण ‘देईल’ हे नुसतं वचन. वचन मोडलं तर कोर्टात जा, हक्क मात्र अजून त्याच्याकडेच. कायद्याला हस्तांतर लेखी हवं, सगळ्या अटी नमूद केलेलं आणि सही झालेलं. अर्ज करायचा हक्क तुम्हाला कसा मिळाला, त्याचा पुरावा अर्जानंतर 6 महिन्यांत द्यावा लागतो. तोवर मुलगा नोकरी सोडून चाकणला गेला होता. फोन केला तर म्हणाला, ‘साहेब, सही करतो, पण मला त्यातून काय मिळालं?’

काहीच मिळालं नव्हतं. पगारवाढसुद्धा नाही.

पाचवा महिना संपत आला तेव्हा नाशिकहून गाडी काढली, चाकणच्या एका हॉटेलात मिसळ खात रक्कम ठरवली आणि सही घेतली. तो दुसरा कुणी असता तर मी बसलो असतो हात चोळत.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाची याच शब्दांवरून फजिती झाली. संशोधकाने विद्यापीठाला ‘हक्क देण्याचं कबूल करतो’ असं लिहून दिलं होतं आणि नंतर एका कंपनीला ‘याद्वारे देतो’ असं. 2011 मध्ये विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयातही हरलं. तो कायदा आपला नाही, पण धडा घ्यायला काय हरकत आहे?

म्हणून नियुक्तिपत्रात ‘याद्वारे हस्तांतरित करत आहे’ असंच लिहा. शिवाय प्रत्येक शोधासाठी वेगळं हस्तांतरपत्र करा, योग्य मुद्रांकावर, अर्ज टाकायच्या दिवशीच. अर्जाच्या नमुन्यात शोधकर्त्याच्या घोषणेची जागा असते, तिथेही त्याच बैठकीत सही घ्या. आणि मोबदला द्या. कायदा रक्कम ठरवून देत नाही, ‘कायद्यात नाही’ म्हणून शून्य देणारा मालक मात्र मला मूर्ख वाटतो. राजीनाम्यानंतर सही मागणं म्हणजे वरात निघून गेल्यावर अक्षता वाटणं.

अर्ज भरणं सोपं. ऑनलाइन मूळ फी छोट्या उद्योगाला 1600 रुपये, मोठ्या कंपनीला 8000. परदेशातही अर्ज करायचा असेल तर आधी भारतात करून 6 आठवडे थांबा, नाहीतर परवानगी काढा.

गुपिताला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने 2024 मध्ये तशी शिफारस केली आहे, तोवर भिस्त करारावरच. ‘सगळी माहिती गोपनीय’ असं लिहिणं फुकट. कोणती फाइल, कोणतं प्रमाण, कुणाला माहीत, अशी यादी करा. ‘सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ ही आवडती अट करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातल्या गोलिकरी नावाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धकाकडे जाण्यावरची बंदी कायम ठेवली, कारण तिथे नोकरीच्या कराराची 5 वर्षं अजून संपली नव्हती. लोक नेमका हा भाग विसरून तो निकाल फडकवतात. हातातलं कौशल्य माणूस घेऊन जाणारच, तुमचं मिश्रणाचं प्रमाण त्याने नेता कामा नये.

हे वाचणारा नोकरदार असेल तर त्याने रुजू होण्याआधी स्वतःच्या जुन्या शोधांची यादी नियुक्तिपत्राला जोडावी आणि एचआरची पोच घ्यावी.