सेटिंग्जमधले खोलातले पर्याय ठेवायचे कुठे?

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये नवा पर्याय आला की तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ढकलून मोकळं व्हायची सवय आधी सोडा. प्रॉक्सी, फॉन्टची धार, लॉग फाइल असं सगळं तिथे साठत जातं आणि त्या टॅबची अडगळीची खोली होते. पर्याय अवघड आहे का, हे बघू नका. तो कोणत्या कामाचा, किती वेळा लागतो आणि चुकला तर काय बिघडतं, हे बघा.

बहुतेक पर्याय आपापल्या विषयाच्या पानावरच शोभतात. छपाईचा बारीक पर्याय छपाईच्या पानावर, नेहमीच्या पर्यायांखाली, ‘आणखी पर्याय’ अशा मिटलेल्या गटात ठेवा. गट मिटलेला असतानाही शीर्षकाशेजारी ‘२ बदललेले’ असं दिसू द्या. नाहीतर कधीकाळी बदललेला पर्याय आतून काम करत राहतो आणि वापरणारा बिघाड भलतीकडेच शोधत बसतो.

सगळी खिडकीच बदलून टाकणारा ‘साधे / सर्व’ असा खटका शक्यतो नको. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये (म्हणजे सेटिंग्जमध्ये) तो खाली डाव्या कोपऱ्यात आहे. ‘सर्व’ निवडलं की ओळखीची मांडणी जाऊन शाखांची लांबलचक यादी येते, आणि आधी लक्षात ठेवलेल्या जागा कामाला येत नाहीत.

क्वचित लागणाऱ्या, धोक्याच्या पर्यायांना मात्र वेगळा एडिटर हवाच. फायरफॉक्स ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत about:config (अबाउट:कॉन्फिग) लिहून ते पान उघडून बघा: आधी इशारा, मग शोधाची चौकट. बदललेली ओळ ठळक, तिच्या टोकाला रीसेटचं बटण, शिवाय फक्त बदललेल्या ओळी पाहायची सोय. लिबरऑफिसचा असाच एडिटर टूल्स > ऑप्शन्स > लिबरऑफिस > अ‍ॅडव्हान्स्ड इथे बटणामागे आहे. पत्ता पाठ असावा लागत नाही, म्हणून ही वाट जास्त चांगली.

सेटिंग्जच्या शोधात मिटलेले गटही धरा. इंटरफेस मराठी असेल तर पर्यायाचं इंग्रजी नावही शोधात घ्या, कारण लोक ते इंग्रजी मदतलेखातून उचलून आणतात. निकालावर क्लिक करताच गट उघडून नेमकी ओळ उजळली पाहिजे.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये फक्त बदललेली मूल्यं लिहा. सगळीच लिहिलीत तर पुढच्या आवृत्तीत सुधारलेलं डीफॉल्ट (मुळातलं ठरलेलं मूल्य) जुन्या वापरकर्त्यांपर्यंत पोचतच नाही.

स्केलसारख्या (अक्षरं-बटणं लहानमोठी करणाऱ्या) पर्यायाने पडदाच वाचता येईनासा होऊ शकतो. विंडोजमध्ये रिझोल्यूशन बदलल्यावर १५ सेकंदांत होकार दिला नाही तर जुनं परत येतं. तेच इथे करा. प्रोग्राम सुरूच होणार नाही अशी भीती असेल तर सेफ मोड, म्हणजे मूळ सेटिंग्जवर सुरू होण्याची सोय, द्या. त्या मोडमध्ये सेटिंग्जची फाइल वाचू नका, पण पुसूही नका.