रोजची पेये, भूक आणि वजन : हिशेब कसा मांडावा

वजन उतरवू पाहणारी माणसे ताटातला घास न् घास मोजतात, पण कपातून आणि पेल्यातून पोटात जे जाते ते बहुधा हिशेबात धरत नाहीत. यात आळसाचा भाग थोडाच आहे, कारण पेयांतून मिळालेल्या उष्मांकांची नोंद आपली भूकही नीट ठेवत नाही. म्हणून पेयांच्या सवयी बदलायच्या असतील, तर आधी काही सोडू नये. आधी लिहायला बसावे.

आठवडाभर, साधे पाणी वगळून, जे जे प्याल ते वेळेसह लिहून काढावे. ‘चहा, दोनदा’ एवढ्या नोंदीने काही कळत नाही. रोजच्या वापरातला कप एकदा पाण्याने भरून ते पाणी मोजपात्रात ओतून पाहावे. कप आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळदा मोठा निघतो. साखरेचा चमचा सपाट असतो की शिगोशीग, हेही तपासावे, कारण लहान सपाट चमच्यात सुमारे 4 ग्रॅम साखर मावते आणि शीग चढली की हा आकडा बराच वाढतो. प्रत्येक नोंदीपुढे ते पेय कशासाठी घेतले, म्हणजे तहान, थकवा, कंटाळा की केवळ कोणी पुढे केले म्हणून, हेही एका शब्दात लिहावे. पुढे सर्वांत जास्त उपयोग याच रकान्याचा होतो.

मग बेरीज करावी. एक ग्रॅम साखरेतून 4 कॅलरी मिळतात, तेव्हा दोन-दोन सपाट चमचे साखर घातलेल्या चार कपांतून दिवसाला 32 ग्रॅम साखर आणि 128 कॅलरी जातात; दूध वेगळेच. कोलाच्या 330 मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत असावा आणि 5 टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले; 2000 कॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम. मध आणि फळांचा रस यांतील साखरही या मर्यादेत मोजली जाते, मात्र अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक साखर मोजली जात नाही. बाटलीवरचे आकडे वाचताना ते 100 मिलिलिटरचे आहेत की पूर्ण बाटलीचे, हे आधी पाहावे.

ही बेरीज भुकेच्या दृष्टीने महत्त्वाची का, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगातून चांगले समजते. त्यात 15 जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरींच्या गोड गोळ्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तितक्याच कॅलरींचे गोड शीतपेय देण्यात आले. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांचे बाकीचे खाणे आपोआप कमी झाले. शीतपेयाच्या काळात ते कमी झाले नाही आणि वजन वाढले. चावणे, घास तोंडात घोळणे, जेवणाला लागणारा वेळ, यांतूनही पोट भरल्याची जाणीव होत असते, आणि पेय यातले बहुतेक टप्पे ओलांडून थेट पुढे जाते. 1977 सालच्या एका प्रयोगात सफरचंदे खायला सरासरी 17 मिनिटे लागली, तर तेवढ्याच साखरेचा रस दीड मिनिटात संपला आणि तृप्तीही कमी मिळाली. त्यामुळे रसाच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: फळ खावे. घरी काढलेला, साखर न घातलेला रसही याला अपवाद नाही, कारण गाळताना चोथा मागे राहतो आणि साखर पेल्यात उतरते.

चहा-कॉफी सोडण्याची गरज नाही. बिनसाखरेच्या काळ्या चहा-कॉफीत कॅलरी नगण्य असतात. साखर मात्र दर एक-दोन आठवड्यांनी पाव चमचा याप्रमाणे उतरवावी, म्हणजे जिभेला सवय होते आणि उलट उसळी येत नाही. कॅफीनमुळे भूक काही वेळ दबल्यासारखी वाटते, पण तो परिणाम टिकत नाही, आणि कॉफीवर जेवण ढकलणारी व्यक्ती संध्याकाळी दुप्पट खाते हे मी अनेकदा पाहिले आहे. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे साधारण पाच तासांनंतरही शरीरात असते; त्याने झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते. शेवटचा कप दुपारीच घ्यावा.

दुधाला पेय न मानता अन्न मानावे. साईसकट गाईच्या दुधाच्या 200 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 130 कॅलरी असतात, पण त्यात प्रथिनेही असतात; तो जेवणावर वरून न घेता खाण्याच्या एखाद्या पदार्थाऐवजी घ्यावा. मद्यातील अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये 7 कॅलरी असतात, शरीर ते आधी जाळते व चरबी मागे ठेवते, आणि सोबत खाणेही वाढते.

साखरमुक्त शीतपेयांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर अवलंबून राहू नये, असे सुचवले. तरीही रोज गोड शीतपेय पिणाऱ्याने काही आठवडे त्यांचा पायरीसारखा उपयोग करून पाण्यापर्यंत यावे, हे मला व्यवहार्य वाटते.

पाण्याने चरबी वितळत नाही. मात्र 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी कॅलरींचा आहार घेणाऱ्या मध्यमवयीन आणि वृद्ध व्यक्तींपैकी ज्यांनी प्रत्येक मुख्य जेवणाआधी 500 मिलिलिटर पाणी घेतले, त्यांचे वजन 12 आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे 2 किलो जास्त उतरले. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असल्यास हे डॉक्टरांना विचारूनच करावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही साखर एकाएकी तोडू नये.

बदल एका वेळी एकच करावा आणि तो निदान तीन आठवडे टिकवावा. वजन सकाळी, शौचानंतर व काही खाण्याआधी पाहावे; एखाद्या दिवसाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, कारण शरीरातील पाण्यामुळे तो किलोभरही हलतो. तीन आठवड्यांनंतरही काटा जागीच असेल, तर वही पुन्हा उघडावी, आणि या वेळी पेयांसोबत ताटही लिहावे, कारण कपातली साखर कमी झाल्यावर ती बशीतल्या गोड पदार्थात परत आलेली असू शकते.